दुसऱ्या बाजूचं हसू

१९५६ साली मद्रासच्या एका रेकॉर्ड कंपनीची माणसं बळेपेटेतल्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, यंत्रं मांडून बसली, तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवणारी वसुमती तिथं गेली ती एकाच हेतूनं. वडील बिंदुमाधवराव, तिचे अण्णा, अंथरुणाला खिळले होते. त्यांनी रचलेल्या पदांपैकी एक तरी त्यांच्या हयातीत चार लोकांनी ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

अण्णांचं पद पहिल्याच खेपेला उत्तम उतरलं. पण तबकडीला दुसरी बाजू असते. तिथं काहीही गा, नुसती भरती हवी, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. वसुमतीनं शेजारच्या रेडिओवर रोज कानी पडणारं सिनेमातलं एक कन्नड गाणं म्हटलं. मधेच पेटीवाला यल्लाप्पा सूर विसरला आणि त्यानं असं तोंड केलं की तिला हसू फुटलं. पुन्हा गाते म्हणाली, तोवर त्यांनी यंत्रं बांधायला घेतली होती.

नेमकं ते हसूच गावभर गाजलं.

घरासमोर देवाप्पाचं हॉटेल. तिथं सकाळपासून तीच तबकडी. हसण्याची जागा आली की गिऱ्हाइकं टेबलं बडवत. शाळेतल्या एका मास्तरांनी तर जिन्यात अडवून, जरा हसून दाखवा, म्हणून फर्मावलं. चहात माशी दिसावी तशी तिला आपल्याच आवाजाची शिसारी येऊ लागली.

एका रविवारी ती हॉटेलात गेली आणि तिनं अण्णांच्या पदाची बाजू लावायला सांगितली. देवाप्पानं तबकडी उलटली. हसण्याची बाजू सुईनं घासून पांढुरकी झालेली. अण्णांची काळीभोर, कोरी. दोन ओळी होतात न होतात तोच कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "अक्का, हसू कधी येतं?"

देवाप्पानं ओशाळून तबकडी परत फिरवली. समोरच्या खिडकीतून अण्णांनी सगळं ऐकलं होतं.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. आणखी एक गाणं हवं होतं, कुठलंही चालेल, हसू मात्र पाहिजेच. अण्णांनी ते तिच्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाले, "माझ्याच पदात स्वल्प हसलीस तर? निदान ऐकतील तरी."

 वसुमतीला लोकांची किळस होतीच. पण त्यांनी या मानी माणसालाही इथवर आणलं होतं.

"अण्णा, तुमच्या पदात हसायला जागा नाही," ती म्हणाली आणि पत्र चुलीत सारून आली.

समोर टेबलं बडवली जात होती. तिनं खिडकी लावली, तंबोरा जुळवला आणि अण्णांचं पद अण्णांनाच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं.