शेवटच्या पन्नास नोंदी

ऑफिसात कोड लिहायचा एडिटर उघडला की कडेला आमच्या कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद उतरू लागायची, अगदी पहिल्या दिवसापासूनची, आणि स्क्रीन अडकून बसायची. मी वैतागून खाली जात राहायचो, आणि नजर नेमकी माझ्या जुन्या घोडचुकीवर थांबायची. ‘चूक दुरुस्त’, ‘पुन्हा दुरुस्त’, ‘आता नक्की दुरुस्त’. एकाच दुपारच्या तीन नोंदी!

काल शेजारच्या टेबलावरच्या सायलीने सेटिंगमध्ये पन्नासचा आकडा टाकला. “आता शेवटच्या पन्नासच दिसतील.”

“आणि बाकीच्या?”

“आहेत की! लागल्या तर काढता येतील. रोज कशाला समोर हव्यात?”

मनालाही असा आकडा घालता आला तर? पुसायचं काहीच नाही, फक्त रोज उघडायचं नाही.

आज एडिटर चटकन उघडला. सगळ्यात वर माझी कालची नोंद होती. तिच्या वर आजची लिहायची होती.