कोमट पाण्याचा चर

गावाबाहेरच्या दूध भुकटीच्या कारखान्यामागचा चर यंदाच्या थंडीत कोरडा दिसला. दूध आटवताना निघणाऱ्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, ते पूर्वी भिंतीतल्या पाइपातून या चरात पडायचं. नितळ, कोमट, दुधाचा पुसटसा वास असलेलं. वस्तीतल्या बायका सकाळी तिथं गोधड्या धुवायच्या. फिरायला निघालो की त्यांच्या गप्पा मला वळणाआधीच ऐकू यायच्या.

आता कारखाना ते पाणी आतच फिरवतो. टाक्या, फरशा त्यानंच धुतल्या जातात आणि नदीतून तेवढं कमी उचललं जातं. चांगलंच झालं, याला नावं कशी ठेवणार? तरी पाऊल थबकलं.

काठावर पार्वतीबाई बसल्या होत्या, नेहमीच्या धुण्याच्या दगडावर. शेजारी गोधडीचं बोचकं.

"भाऊ, पाणी का बंद झालं वो?"

"बंद नाही झालं. आता आतच वापरतात. वाया जाऊ नये म्हणून."

त्यांनी गारठलेले हात पदरात गुंडाळले. "वाया कुठं जात हुतं? हितं येत हुतं की."

बोचकं उचलून त्या विहिरीकडे निघाल्या. पाइप जिथं संपतो, तिथून पुढचं सगळं आपण किती सहज वाया म्हणतो! मी खाली वाकून त्या दगडाला हात लावला. त्या बसल्या होत्या तेवढीच जागा अजून कोमट होती.