रस्ता आधी की नर्स

स्वराज्य येणार हे उघड दिसू लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी वडगावच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टीला कडोलीला वडिलांकडे, आप्पांकडे, आले होते. गावात सभा भरली. बेळगावचे एक वकील, जिल्ह्याचे रस्ते-दवाखाने पाहणाऱ्या लोकलबोर्डाचे सभासद, दिल्लीचं अंदाजपत्रक समजावून सांगत होते. आजवर पैसा पलटणींवर आणि साहेबांच्या पगारांवर कसा गेला, आपलं सरकार आलं की धरणं, कारखाने, शाळा कशा निघतील, हे त्यांनी फार छान सांगितलं. टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारी माझी थोरली बहीण आक्का बसली होती. आदल्या पावसाळ्यात ती बाळंतपणात अडली, म्हणून तिला बैलगाडीतून बेळगावला नेत होते. गाडी चिखलात रुतली. आक्का वाचली, मूल गेलं. तेव्हापासून ती चारचौघांत बोलायची नाही.

मी उभी राहिले. "वकीलसाहेब, या सगळ्यात बाळंतिणीचा नंबर कितवा?"

कुणीतरी हसलं. आप्पांनी मान खाली घातली. वकील मात्र हसले नाहीत. "दिल्ली माझ्या हातात नाही, बाई."

"लोकलबोर्ड तर आहे? साहेबाच्या बंगल्याला दरसाल रंग लागतो, आणि आमच्या गावाला नर्स मिळत नाही."

"बोर्डापुढं येऊन सांगाल?"

"येऊ," आक्काच म्हणाली.

आम्ही गेलो. पुन्हा पुन्हा गेलो; सुट्टी संपल्यावर मी शाळेतून रजा काढून यायची. गावातल्या आणखी बायका बरोबर येऊ लागल्या. कचेरीच्या व्हरांड्यात भाकरीचं गाठोडं सोडून जेवायचो, पण उत्तर घेतल्याशिवाय उठायचो नाही. शेवटी बोर्डानं सांगितलं, यंदा एकच जमेल. रस्ता, नाहीतर नर्स. काय ते तुम्हीच ठरवा.

जाब विचारणं सोपं होतं. आता वाटणी आमच्यावर आली, आणि आम्ही सख्ख्या बहिणी व्हरांड्यातच भांडलो.

"रस्ता माग," आक्का म्हणाली. "माझं मूल चिखलानं न्हेलं."

"आणि ज्यांच्या घरी गाडीच न्हाय, त्यांनी काय करायचं गं?"

आक्कानं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "व्हय. नर्स माग. पर रस्त्याचं मी सोडणार न्हाय."

दिल्लीत वाटणी करणाऱ्यानंही, ज्याला मागं ठेवलं त्याच्या तोंडाकडे बघून ती करावी, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

नर्स आली, आमच्याच घरी राहिली. पावसाळ्यात लांबच्या मळ्यातून बोलावणं आलं, तेव्हा आक्का तिची पेटी डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून बरोबर गेली. मूल पायाळू होतं. संध्याकाळी दोघी परतल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. जेवताना आक्का लई बोलली. मूल कसं रडलं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आप्पा ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी स्वतः गाडी जुंपली आणि आम्हां बायकांना बोर्डाच्या कचेरीपर्यंत नेलं. रस्ता त्या वर्षी मिळाला नाही. आम्ही जात राहिलो.