बेंबीवरचं नाणं

दिघीहून आगरदांड्याला येणाऱ्या फेरीबोटीत ती माझ्या शेजारी बसली होती. बोट लाटेवर आपटली की तिचा तळवा बेंबीवर जायचा. पोट पुढे आलेलं, ओठ कोरडे पडलेले. पलीकडे सासू.

"कितवा महिना?" मी विचारलं.

"सातवा," सासूनंच उत्तर दिलं. "हिची बेंबी बाहेर येते. नाणं ठेवून फडकं बांधलंय. तान्ह्या पोरांची अशीच बसते."

"रोज आडवं झालं की आपसूक आत जायची," ती हळूच म्हणाली. "आज जात न्हाय. दगडासारखी झालीय. सकाळपासून उलट्या होतायत."

माझ्या बहिणीचं आतडं असंच अडकलं होतं. "आधी फडकं सोडा!" मी ओरडलेच. "हा हर्निया आहे. उतरलात की थेट दवाखान्यात जा."

"पण बाळ हलतंय की," सासू म्हणाली.

तेव्हा ती कण्हत म्हणाली, "पोटाला सगळे हात लावतात. बाळ कसं हाय विचारतात. मला कुठं दुखतंय, ते कुणी विचारत न्हाय."

 सासूनं सुनेचा पदर आडोशाला धरला आणि फडक्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, तशी खाली वाकून दातांनी सोडवली. लाल झालेल्या कातडीवर नाण्याचा गोल वळ उमटला होता. 

धक्क्यावर बोटीतल्या गाड्यांच्या आधी आम्ही तिला उतरवलं. रिक्षावाल्यानं तिच्या पोटाकडे बघितलं. "कितवा महिना, काकी?"

"महिना ऱ्हाऊ दे," सासू म्हणाली. "माझ्या सुनेला दुखतंय. दवाखान्यात चल."