दुकानात कधीच बंद न पडणारी गाडी

माझ्या थोरल्या भावाला अख्खी गल्ली किल्लीदादा म्हणते. मी नुसतं दादा म्हणते, आणि भांडण झालं की तेही म्हणत नाही. आमचे वडील कुलपं दुरुस्त करायचे, कानशीने घासून किल्ल्या बनवायचे. पुढे गाड्यांच्या किल्ल्यांच्या पोटात चिप आली तेव्हा वडिलांनी हात टेकले आणि दादाने बाह्या सरसावल्या. हल्लीच्या गाडीला किल्ली नुसती फिरून भागत नाही. किल्लीतल्या चिपने आपला कोड सांगायचा, गाडीने तो ओळखायचा, मगच इंजिन चालू. ओळख पटली नाही तर स्टार्टर नुसता घरघरतो, समोर किल्लीचं लाल चित्र लुकलुकतं आणि मालक स्टिअरिंगवर बुक्क्या मारतो. बुक्क्या मारून झाल्या की तो आमच्याकडे येतो.

दुकानात येणारे लोक दोन प्रकारचे. किल्ली हरवलेले, आणि ‘कधीकधी चालूच होत नाही’ म्हणणारे. पहिल्यांचं काम तासाभराचं असतं. लॅपटॉप जोडायचा, गाडीला नवी किल्ली ओळखायला शिकवायची, हरवलेली विसरायला लावायची. दुसरा प्रकार मात्र छळवादी. कारण ही ‘कधीकधी’वाली गाडी आमच्या दारात आली की पाहुण्यांसमोर मुलं वागतात तशी वागते. पन्नास वेळा किल्ली फिरवा, पन्नास वेळा चालू. मालक ओशाळून म्हणतो, ‘काल खरंच होत नव्हती हो.’ दादा अशा माणसावर कधीही अविश्वास दाखवत नाही. माणसांवर त्याचा विश्वास आहे, गाड्यांवर अजिबात नाही.

हे झालं कौतुक. आता दुसरी बाजू सांगते, कारण मी त्याची बहीण आहे आणि दिवसभर त्याच्या दुकानात टेबलाशी बसते. एक तर चूक कबूल करताना त्याची जीभ जड होते. घरी त्याने ठेवलेलं दूध उतू गेलं तर दोष गॅसचा असतो. आणि दुसरं म्हणजे उपदेश. जादाची किल्ली बनवून दिली की भाषण ठरलेलं: “ही घरी खणात ठेवू नका. गाडी अडते रस्त्यात आणि खण राहतो घरी. दोन्ही किल्ल्या कायम जवळ बाळगा.” मला ते इतकं पाठ आहे की तो बोलायला लागला की माझेही ओठ हलतात.

माझाही एक नियम आहे. एकदा एका गिऱ्हाइकाची कपाटाची किल्ली आमच्या दुकानात हरवली आणि त्याने तीन दिवस माझं डोकं खाल्लं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. जुडग्यातून गाडीची एक किल्ली काढून घ्यायची, बाकीचं जुडगं मालकाच्या हातात परत. तशी पाटीच लावून टाकली. या नियमाचा मला फार अभिमान होता.

नर्सताई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या जादाची किल्ली करून घ्यायला. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, चालतानाही पळणाऱ्या. घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या एका संस्थेत त्या कामाला होत्या. सकाळी नऊ घरं. कुणाला नाश्त्याआधी इंजेक्शन, कुणाच्या जखमेचं ड्रेसिंग, कुणाला नुसतं उठवून बसवायचं. दादाचं भाषण त्यांनी शहाण्या विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. गाडी कधीकधी चालू होत नव्हती. मी नियमाप्रमाणे एक किल्ली काढून घेतली, दादाने गाडी तपासली. पन्नासपैकी पन्नास. बॅटरीची टोकं साफ करून दिली. पाच दिवसांनी त्या पुन्हा दारात. दादाने किल्लीचा कोड वाचणारी कॉइल बदलली. आठवड्याने पुन्हा. आता दादा इरेला पेटला. गाडी तीन दिवस ठेवून घेतली, सकाळी थंड असताना, दुपारी तापल्यावर, धुऊन, हलवून चालू करून बघितली. तिने एकदाही दगा दिला नाही. नर्सताईंनी ती नेली आणि दुसऱ्याच दिवशी गाडीने दगा दिला.

त्या संध्याकाळी त्या आल्या आणि बाकावर बसल्याच. “दोनदा उशीर झालाय,” त्या म्हणाल्या. “ऑफिसच्या मॅडमनी सांगितलंय, तिसऱ्यांदा झाला तर माझी घरं दुसरीला देणार. मला कार्यालयात फायली लावायला बसवणार.”

“फायलींचं काम बसून असतं,” मी समजूत घालायला म्हटलं. नको तिथे तोंड घालायची सवय.

“तिसऱ्या घरातल्या आजी माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत,” त्या म्हणाल्या. “सहाव्या घरातला माणूस दोन वर्षांनी परवा चार पावलं चालला. मला बसून नकोय काम.”

दादाने हात पुसले. मग म्हणाला, “उद्या मी तुमच्याबरोबर येतो. गाडी तुमच्यासमोर बंद पडते ना, मग तुमच्या शेजारी बसूनच बघतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तो मीटर आणि पान्हे घेऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसला. पुढची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकलेली. नर्सताई प्रत्येक घरासमोर किल्ली फिरवण्याआधी डोळे मिटायच्या. “बंद पडावी म्हणू की पडू नये म्हणू, तेच कळत नाही,” त्या म्हणाल्या. “आज पडली तर आज काम जाईल. नाही पडली तर सापडणार नाही, मग उद्या जाईल.” पहिली तीन घरं सुरळीत झाली. चौथ्या घरातून त्या बाहेर आल्या, किल्ली फिरवली आणि गाडीने मान टाकली.

दादा उडी मारून उतरला. बॉनेट उघडलं, बॅटरी मोजली, फ्यूज बघितले, वायरी हलवल्या. एरवी त्याला अशी बंद पडलेली गाडी मिळाली की तो शीळ घालतो. त्या दिवशी त्याला घाम फुटला होता. पंधरा मिनिटं गेली. पाचव्या घरातल्या आजोबांना साडेआठला इंजेक्शन, मगच खाणं. नर्सताई म्हणाल्या, “दादा, मी चालत निघते. अर्धा तास लागेल,” आणि त्यांनी किल्ली उपसली. जुडगं खळखळलं. दादाने त्या आवाजाकडे बघितलं आणि त्याला त्या एका जुडग्यात गाडीच्या दोन किल्ल्या दिसल्या. एक जुनी, एक त्याने बनवलेली.

त्याने एक काढून घेतली. गाडी चालू. इंजिन बंद करून ती परत अडकवली आणि कुलपाजवळ धरून पुन्हा चालू करून बघितलं. गाडी बंद. खाली लोंबू दिली. चालू. दोन चिपा शेजारी आल्या की दोघी एकदम बोलायच्या आणि गाडीला कुणाचंच कळायचं नाही. दुसरी किल्ली लोंबून लांब राहिली तर गाडी ऐकायची, वर सरकली तर अडायची. एवढंच होतं.

“पण तुम्हीच म्हणालात ना,” नर्सताई म्हणाल्या, “दोन्ही कायम जवळ बाळगा. माझ्या गणवेशाला एकच खिसा आहे.”

त्या पाचव्या घरी पंचवीस मिनिटं उशिरा पोचल्या. आजोबांनी वाट बघून खाऊन घेतलं होतं आणि सुनेने ऑफिसला फोन केला होता.

दादा दुकानात आला, झालं ते मला चार वाक्यांत सांगितलं आणि आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. “मी त्यांच्या मॅडमना भेटून येतो.”

“फोन कर की,” मी म्हटलं. त्या संस्थेच्या चारही गाड्या आमच्याकडेच येत. इतकं पक्कं गिऱ्हाईक आमचं दुसरं नव्हतं. तिथे जाऊन आपणच आपलं नाक कापून द्यायचं, हे मला काही पटेना. “गाडीत बिघाड होता, आता काढला, एवढं सांग. खोटं नाही त्यात.”

“गाडीत बिघाड नव्हता,” तो म्हणाला. मग मीही चप्पल घातली. त्याची जीभ ऐन वेळी जड झाली तर कोणीतरी बोलायला हवं.

जीभ जड झाली नाही. मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून तो म्हणाला, “गाडी ठीक होती, बाईही ठीक होत्या. दोन किल्ल्या एकत्र ठेवायला मी सांगितलं होतं. नंतर तीनदा तपासूनही मला कळलं नाही. उशीर माझ्यामुळे झाला, तिन्ही वेळा.”

मॅडम कडक होत्या, पण ऐकणाऱ्या होत्या. “म्हणजे नर्सची चूक नाही, हे लेखी द्याल?”

“देतो.”

त्याने तिथेच कागद मागून लिहिलं. मॅडमनी वाचलं, फाईलला लावलं. “त्यांची घरं त्यांच्याकडेच राहतील,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्यामुळे एका आजारी माणसाचं इंजेक्शन चुकलं. आमच्या गाड्या इथून पुढे दुसरीकडे जातील. मला तसंच करावं लागेल.”

“बरोबर आहे,” दादा म्हणाला.

बाहेर जिन्याजवळ नर्सताई उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. दादाने त्यांना सांगितलं, “तुमची घरं तुमच्याकडेच आहेत, ताई.” त्या रडायला लागल्या, मग हसल्या, मग घड्याळ बघून पळाल्या. चार गाड्यांचं मी सांगणारच होते. दादाने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं. मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

दुकानात आल्यावर मी म्हटलं, “दादा, ती दुसरी किल्ली मी प्रत्येक वेळी बघितली होती. माझ्या हातानेच एक सोडवून घेत होते आणि दुसरी त्यांना परत देत होते. म्हणून इथे गाडी कधी बंद पडलीच नाही.”

“माहितीये.”

“कधीपासून?”

“रस्त्यातच कळलं. जुडगं बघितलं तेव्हाच.”

“मग तिथे बोलला का नाहीस?”

“तुला कशाला ओढायचं? दुकान माझं आहे.” त्याने खणातून जुनी नोंदवही काढून माझ्यापुढे ठेवली. जादाची किल्ली नेलेल्या सगळ्यांचे नंबर होते. “प्रत्येकाला फोन लाव. दोन्ही किल्ल्या एका रिंगमध्ये ठेवू नका म्हणावं. आणि सांग, किल्लीवाल्याची चूक झाली.”

तो गाडीखाली शिरला. मी पहिला नंबर फिरवला. पलीकडून कुणी बाई बोलल्या.

“नमस्कार,” मी म्हटलं, “किल्लीच्या दुकानातून बोलतेय. आमची एक चूक झालीये. दादाची आणि माझी.”