रेकॉर्डचा वाढदिवस

माझ्या वडिलांनी ती रेकॉर्ड नागपूरच्या जुन्या बाजारातून आणली, ती केवळ पाकिटावरचं चित्र बघून. चित्रात एक माणूस गाल फुगवून पितळी बाजा वाजवत होता. बाजेवाला दिसला की वरात आली, एवढं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पांढुर्ण्यात बाबांचा लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता आणि लग्नसराई तोंडावर होती. नवी रेकॉर्ड घरी लावून पाहायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. घरी वाजवली की उगाच झिजते, म्हणायचे.

त्यामुळे ती पहिल्यांदा वाजली ती थेट रामाकोन्याच्या एका लग्नात. नवरदेव मांडवाच्या दारात आला, बाबांनी ऐटीत सुई ठेवली, आणि भोंग्यातून एक बाजा इतका संथ, इतका एकटा निघाला की वऱ्हाडी एकमेकांची तोंडं बघायला लागले. नवरदेवाचा मामा तरातरा आला.

“काहून हो, लग्नाले आले का मयतीले?”

बाबांनी लगेच सुई उचलली. पण गोष्ट पसरायला भोंगा लागत नाही. रामाकोन्याची लग्नं दुसऱ्या माईकवाल्याकडे गेली आणि लोधीखेड्याचे लोकही “तेच का तुम्ही?” असं हसून विचारायला लागले. घरी ती रेकॉर्ड ट्रंकेच्या मागे भिंतीकडे तोंड करून पडली, वर्गात शिक्षा झाल्यासारखी. तेव्हा मी शाळेत होते.

पुढे मी बी.ए.ला गेले तोवर कॅसेटी आल्या होत्या. बाबांचे गुडघे धरायला लागले होते. एक दिवस जेवताना त्यांनी सांगून टाकलं की मशीन, भोंगे, रेकॉर्डी, सगळं सौंसरच्या एका हॉटेलवाल्याला विकायचं. तो सोमवारी न्यायला येणार होता.

“मी चालवतो न बाबा,” मी म्हटलं.

बाबा हसले. “पोट्टीची जात. भोंगा बांधाले झाडावर तू चढशीन का?”

मला त्या हसण्याचा भयंकर राग आला. वायर गुंडाळायची, बॅटरीला पाणी घालायचं, घरघर आली तर कोणता जोड ढिला आहे ते कानानं ओळखायचं, हे सगळं मी लहानपणापासून करत आले होते. झाडावर तर त्यांच्याआधी चढायचे. मला नोकरी नको होती, मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला तो धंदा हवा होता. पण मागून मिळणाऱ्यातली ती गोष्ट नव्हती.

त्याच आठवड्यात रेडिओनं मला हत्यार दिलं. इंग्रजी सुधारावं म्हणून मी दुपारी इंग्रजी कार्यक्रम लावायचे. निम्मं कळायचं, निम्मं खरखर खाऊन टाकायची. त्या दिवशी निवेदक सांगत होता की जॅझ संगीताची अमुक एक रेकॉर्ड निघाली त्याला यंदा पंचवीस वर्षं झाली, आणि जगभर लोक ती पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत आहेत. वाजवणारा काळा माणूस होता, त्याचे पूर्वज गुलाम होते, असंही तो म्हणाला. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला भोंगा दिवसभर वाजायचा, त्यामुळे गुलामी म्हणजे काय ते मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. मग त्यानं थोडा तुकडा वाजवला. तोच बाजा. रामाकोन्याचा.

जग जिचा वाढदिवस करत होतं, ती आमच्याकडे भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मी ती ट्रंकेमागून काढली आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले. “रविवारी मशीन माह्या हातात द्या. ही रेकॉर्ड मी दोन्ही बाजूंनी वस्तीत वाजवतो. लोक उठून गेले त विका, मी तोंड उघडणार नाई. बसून राहिले त मशीन माही.”

बाबांनी रेकॉर्डकडे पाहिलं आणि लगेच कबूल झाले. त्यांना आपण जिंकणार याची खात्रीच होती.

रविवारी सकाळी मी चिंचेवर चढून भोंगा बांधला. बघायला बाबा खाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एका शब्दानं मदत केली नाही आणि मीही मागितली नाही. माईकवर मी सांगितलं, “आज आपल्या इथं पंचविसावा वाढदिवस आहे. सगळ्यांनी यावं.” कोणाचा, तेही सांगितलं होतं. पण ‘रेकॉर्ड’ हा शब्द कोण ऐकतो?

कारण आमच्याकडे झाडाला भोंगा लागला की त्या घरी पंगत असते. बारसं असो, तेरवी असो, आधी भोंगा, मग वरणभात. आणि पंगतीला आपापलं ताट-पेला घरून न्यायचा. माझ्या हे लक्षातच आलं नाही. पहिला बाजा सुरू झाला आणि लोक येऊ लागले, अंघोळी करून, पोरांच्या भांगात तेल घालून, काखेत ताटं घेऊन. शेजारची मावशी तर कुंकवाची वाटी घेऊन आली.

“पोरगं कोनतं हाय वो?”

मी मशीनवर फिरणारी रेकॉर्ड दाखवली. तिनं क्षणभर विचार केला आणि मशीनच्या झाकणालाच कुंकवाचं बोट लावलं.

लोक अंगणात समोरासमोर दोन ओळी करून बसले, ताटं पुढ्यात ठेवली. बाजा रडत होता, रेंगाळत होता, कोणी हलत नव्हतं. मी आनंदानं फुलून गेले. पहिली बाजू संपली. मी बाबांकडे पाहिलं, तर ते गालातल्या गालात हसत होते.

“ऐकून नाई राहिले हे,” ते म्हणाले. “वरणाची वाट पाहून राहिले.”

मग मलाही दिसलं. सगळ्यांचे डोळे आमच्या चुलीच्या दिशेनं लागले होते.

मी गप्प बसले असते तर जिंकले असते. दुसरी बाजू लावायची, ती संपेपर्यंत भुकेली माणसं हमखास बसली असती. आमच्यात फक्त ‘बसून राहणे’ ठरलं होतं. पण असं मिळालेलं मशीन मी कोणत्या तोंडानं चालवणार होते? मी माईक हातात घेतला.

“इथं जेवण नाई. वाढदिवस या रेकॉर्डचा हाय. जेवाले आले असान त माफी करा, घरी जा. मी दुसरी बाजू लावून राहिली.”

ताटांचा खणखणाट झाला. एकजण ओरडला, “बंद कर ते!” दुसरा बाबांना म्हणाला, “पोट्टीले समजावा बावा, थट्टा लावली काय?”  पण सुईला मी हात लावला नाही. अंगण जवळजवळ रिकामं झालं.

मावशी राहिली. रेल्वेतला एक गँगमन राहिला. कापूस वेचून परतणाऱ्या दोन बाया डोक्यावरची गाठोडी उतरवून रस्त्याच्या कडेलाच टेकल्या. त्यातली एक म्हणाली, “कशाचीच घाई नाई याले,” आणि पदरानं मान पुसत ऐकत राहिली. बाजा शेवटपर्यंत वाजला. मी चिंचेवर चढले, भोंगा सोडला, वायर गुंडाळली. पैज मी हरले होते. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

सोमवारी सौंसरचा हॉटेलवाला गाडी घेऊन आला. त्यानं मशीनचं झाकण उघडून पाहिलं, भोंग्यांवर टिचकी मारली आणि बाबांना विचारलं, “चढवू का गाडीत?”

बाबा खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मले काय विचारता? काल तिनं सुई नाई उचलली. तिले विचारा.”

हॉटेलवाला हसला. त्याला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. त्यानं पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं, पण बाबा तेलाची वाटी उचलून आत निघून गेले होते. मग तो माझ्याकडे वळला, आणि त्या अंगणात धंद्याची गोष्ट पहिल्यांदा कोणी मला विचारली.

“नाई विकायचं,” मी म्हटलं.