विजयमालाअक्काचा डोंगर

सांगलीच्या हळदपेठेत शांतिनाथ मगदुमांची अडत होती. ते गेले तेव्हा त्यांची बायको विजयमाला छप्पन्न वर्षांची होती. आमच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला अक्का म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून अक्का खूप ठिकाणी गेली होती असं म्हणता येईल: रोज जैन बस्तीत दर्शनाला, सणाला माहेरी, एकदा सम्मेद शिखरजीलासुद्धा. पण प्रत्येक वेळी पुढं कुणीतरी होतं आणि अक्का त्याच्या मागं.

नवरा गेल्यावर हे वाढलंच. मुलगा जिनेंद्र गुणी. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं न्यायलाही तो गाडी काढायचा. आई, तू बस. आई, तू उठू नको. "लोणच्याच्या बरणीगत फडकं बांधून ठेवलंय मला," असं अक्का शेजारणींना सांगायची, आणि सांगताना हसायची नाही.

गच्चीवर सांडगे घालताना मिरजेच्या पलीकडचा गवळदेवाचा डोंगर दिसे. तिथं आता वनउद्यान झालंय. झाडं लावलीत, पायवाट केलीय, पायथ्याला एसटी थांबते. "जाऊ की एकदा," असं शांतिनाथ दर हिवाळ्यात म्हणायचे आणि तेवढ्यात हळदीचा हंगाम यायचा.

एका मंगळवारी सकाळी अक्कानं सुनेचे, ब्राह्मीचे, जुने बूट काढले. पुढं ढिले होत होते म्हणून कापसाचे बोळे कोंबले. पिशवीत गाळलेलं पाणी आणि भडंग घेतलं. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मी डोंगरावर जातो."

"कुणाबरोबर, आत्ती?" ब्राह्मीनं विचारलं.

"कुणाबरोबर न्हाई."

"ह्यांना सांगू का गाडी काढायला?"

"मग मी कशाला जाऊ? त्यो जाईल, मी बसून जाईन."

आणि ती गेली. पहिल्या दिवशी निम्म्या वाटेवरच छाती भरून आली. एका कडुनिंबाखाली बसून तिनं भडंग खाल्लं आणि उतरली. पुढच्या मंगळवारी त्या निंबाच्या थोडी वर गेली. दिवस मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम असल्यामुळं चारची एसटी ती कधी चुकवत नसे. त्या गाडीची कंडक्टर मंगल तिला ओळखायला लागली. "आज कुठवर, अक्का?" असं विचारायची, आणि अक्का हातानं उंची दाखवायची.

घरी मात्र वादळ झालं. शांतिनाथांचे थोरले भाऊ आदगोंडा समाजातले वजनदार गृहस्थ. ते मुद्दाम येऊन सोप्यात बसले.

"विजयमाला, त्या डोंगरावर पोरंपोरी बसत्यात. आपल्या घरातली बाई तिथं एकटी फिरती, लोक काय म्हणत्याल?"

"म्हणू देत की, भावजी."

"शांतूचं नाव हाय पेठंत."

"व्हय, हाय. म्या डोंगर चढल्यानं ते खाली येणार असलं तर ते नावच कच्चं म्हणायचं."

आदगोंडा चहा न घेता उठले. जिनेंद्र चार दिवस आईशी मोजकंच बोलला. अक्का पाचव्या दिवशी, मंगळवारी, परत गेली.

असं उन्हाळ्यापर्यंत चाललं. शेवटचा चढ तेवढा राहिला होता. आणि तेव्हाच डोंगरावर एका कॉलेजच्या मुलीच्या गळ्यातली चेन कुणीतरी हिसकावून नेली. उद्यान सांभाळणाऱ्या समितीनं आठवड्याभरात फाटकावर पाटी लावली: 'सुरक्षेच्या कारणास्तव एकट्या महिलांना प्रवेश नाही.'

त्या मंगळवारी अक्का एसटीतून उतरली तर फाटकाला आडवा बांबू आणि बांबूशी अर्जुना. अर्जुना पायथ्याच्या गावचा, पहारेकरी.

"अक्का, आजपासनं बंद हाय. एकट्या बाईला सोडायचं न्हाई."

"का रं?"

"चोरी झाली न्हवं का."

"चोर बाई हुती?"

"न्हाई, गडी हुता."

"मग गड्यांना बंद करा की."

अर्जुनाला हसू आलं, पण बांबू त्यानं उचलला नाही. एवढ्यात मोटरसायकलवरून एक तरुण आला. कुठला, कोण, कुणालाच ठाऊक नाही. अर्जुनाला वाटलं, तोडगा सापडला. म्हणाला, "अक्का, असं करा, ह्या पावण्यांच्या बरोबर जावा. म्हंजे तुमी एकट्या न्हाई."

अक्का त्या मुलाकडं बघत राहिली. मुलगा ओशाळला.

"ह्याला मी ओळखत न्हाई, तू ओळखत न्हाईस," ती म्हणाली. "ह्याच्यासंगं रानात गेलो तर मी सुरक्षित, आणि एकटी गेलो तर न्हाई. ही अक्कल कुणाची?"

"माझी न्हाई, अक्का. मला नोकरी हाय."

"तुझ्यावर राग न्हाई बाबा. पण मी परत जाणार न्हाई."

फाटकासमोर एक सपाट दगड होता. त्यावर ती बसली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा अर्जुनानं आपली छत्री आणून दिली. चारच्या गाडीनं ती घरी गेली, आणि पुढच्या मंगळवारी येऊन परत त्याच दगडावर बसली.

मंगलनं ही गोष्ट गाडीत सांगितली. एसटीत सांगितलेली गोष्ट मिरजेपर्यंतही थांबत नाही. तिसऱ्या मंगळवारी अक्काबरोबर सात-आठ बायका उतरल्या. भाजी विकणारी रंगूबाई होती, सरकारी दवाखान्यातल्या दोन सिस्टर होत्या, धावण्याचा सराव करणारी साक्षी होती. आणि सगळ्यांच्या मागून, पदर खोचत, ब्राह्मी उतरली.

"तू कुठं आलीस? जिनूला सांगितलंस?" अक्कानं विचारलं.

"सांगितलं. ते म्हणाले, जाऊ नको."

"मग?"

"मग आले."

अर्जुनानं घाबरून फोन लावला. थोड्या वेळानं समितीचे अध्यक्ष उदयसिंह जीपमधून आले. फौजेतून निवृत्त झालेला, बोलायला सभ्य माणूस. त्यांनी बायका मोजल्यासारखं केलं आणि हात जोडले.

"ताई, नियम तुमच्या काळजीपोटीच केलाय. पण तुम्ही आज एवढ्या जणी आहात, म्हणजे एकट्या नाही. खुशाल जा. अर्जुना, बांबू काढ."

बांबू वर गेला. बायकांत आनंदाची कुजबुज झाली. दोघी-तिघी पुढं सरकल्याही. अक्का दगडावरून उठलीच नाही.

"सगळ्यांना मिळून न्हाई," ती म्हणाली. "एकेक सोडा. पाटी काढा, न्हाईतर बांबू खाली घ्या."

"अवं अक्का," रंगूबाई वैतागली, "दार उघडलंय तर चला की. धंदा बुडवून आलोय."

"तू जा, रंगू. तुझं बरोबर हाय. पण उद्या तू एकटीच आलीस तर?"

रंगूबाई थोडी थांबली आणि गेली. सिस्टरही गेल्या, त्यांना ड्यूटी होती. फाटकाशी अक्का, ब्राह्मी आणि साक्षी राहिल्या. उदयसिंह शेजारी उकिडवे बसले.

"उद्या तुम्हाला काही झालं, तर लोक मला विचारतील."

"इचारू देत. तुमी पहारा दारात ठेवलाय साहेब, चोर वर हाय. पहारा वर न्या. आमाला घरी बसवून चोर सापडतोय व्हय? आणि मला काय झालं तर ते माझं होईल. माझ्या जिवाची काळजी करायला आयुष्यभर माणसं मिळाली. माझा जीव मला कुणी दिलाच न्हाई."

ब्राह्मीनं हे सासूच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "समितीपुढं ठेवतो," एवढं म्हणून उदयसिंह उठले.

"तुमी ठेवा," अक्का म्हणाली, "तवर मी जातो."

आणि ती उठली, साडी वर खोचली, आणि चालायला लागली. ब्राह्मी मागून निघाली तशी तिनं हातानं थांबवलं. "तू माझ्या मागनं यायचं न्हाई. मी गेल्यावर तुला वाटंल तवा ये." अर्जुनानं साहेबांकडं बघितलं. साहेब जीपच्या टायरकडं बघत होते. अर्जुनानं बांबू तसाच वर धरून ठेवला.

त्या दिवशी ती थेट माथ्यावर गेली. शेवटच्या चढाला हात टेकावे लागले, गुडघा खरचटला. वर वारा एवढा होता की पदर धरवेना. खाली मिरजेकडं जाणारी आगगाडी, द्राक्षांचे मांडव, आणि लांब धुरकट सांगली. आपली गच्ची कुठली ते तिला शोधूनही सापडलं नाही. शांतिनाथांची आठवण येऊन ती थोडी रडली, मग बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं. बऱ्याच वेळानं ब्राह्मी आणि साक्षी, एकीमागून एक, वर पोचल्या.

समितीनं काय ठरवलं ते कुणी जाहीर केलं नाही. पाटी वळवापर्यंत तशीच लटकत होती, पण नंतर कुणालाही अडवलं नाही. पावसाळ्यानंतर वाटेवर दोन पहारेकरी फिरायला लागले, त्यातली एक बाई आहे. आदगोंडा अजून अक्काशी बोलत नाहीत. घरच्या लग्नात ती दिसली की ते दुसऱ्या पंगतीला बसतात, आणि ती पहिल्या पंगतीत पोटभर जेवते. जिनेंद्रनं एके दिवशी न बोलता नवे बूट आणून दारात ठेवले. ते तिच्या मापाचे होते.

या हिवाळ्यात अक्का एसटीनं साताऱ्याला गेली. स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, "आजी, न्यायला कुणी येणार हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "अजिंक्यताऱ्याची वाट कुठनं सुरू होती, तेवढं सांग."